पान नंबर सांगा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं, नव्या कथा-कादंबऱ्या हौसेने वाचता आणि त्यांवर लिहिता, तर अडतं कुठे? पत्रं भरपूर आली. बरीचशी व्हॉट्सॲपवर, काही फुलस्केपवर दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत. उत्तरं देणारी बाई प्राध्यापक नाही. तालुक्याच्या वाचनालयात देवघेवीच्या काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालेली आहे. तेव्हा त्या बेताने वाचावं.

ताई, मी बँकेत आहे. वाचनाचा नाद जुना, लिहायला आता लागलो. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'वर चार पानं लिहिली आणि बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, "अहो, ही तर गोष्टच सांगितलीत." गोष्ट काढून टाकली तर दोनच वाक्यं उरतात: 'लेखकाची शैली ओघवती आहे' आणि 'प्रत्येकाने वाचावी अशी कादंबरी.' गोष्ट सांगायची नाही तर लिहायचं काय? (बार्शी)

वहिनींना नमस्कार सांगा. निम्मं उत्तर त्यांनीच देऊन टाकलंय.

गोष्ट सांगू नका असं कुणी म्हणत नाही. वाचणाऱ्याला कशाबद्दल चाललंय ते कळलं पाहिजे. पण ती एका परिच्छेदात बसवायची. तुमच्या चार पानांतलं हे एक वाक्य बघा: 'नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरच्या प्रेमात पडतो, त्याच काळात देशात आणीबाणी असते.' बरोबर आहे. पण हे लिहून तुम्ही पुढच्या प्रसंगाकडे निघून गेलात. तिथेच थांबायला हवं होतं.

आणीबाणी मुकुंदला कळते किती? घरातली, आजूबाजूची मोठी माणसं बोलतात त्यातलं कानावर पडेल तेवढीच. त्याचा जीव गुंतलाय शिरोडकर आज कुठल्या रस्त्याने जाईल त्यात. आपण मात्र आणीबाणी काय होती ते माहीत असून वाचतो. म्हणजे सांगणाऱ्याला जे पुरतं उमगलेलं नाही ते ऐकणाऱ्याला उमगतंय. पोराच्या तोंडची ती भाषा, मित्रांचं ते 'इचिभना', नुसतं गंमत म्हणून आलेलं नाही. मोठ्या माणसाचं शहाणपण मध्ये शिरू नये, ही काळजी लेखकाने त्या भाषेतून घेतलीय. आता तुम्ही एवढंच करा. मुकुंदला कळत नाही पण तुम्हाला कळतं, अशा तीन जागा पुस्तकात शोधा आणि त्यांच्याबद्दल लिहा. तुमच्या चार पानांतली तीन आपोआप गळतील आणि राहील ते परीक्षण असेल.

जागा शोधल्या की पान नंबर वहीत टिपायचा. छापायला नव्हे, स्वतःसाठी. 'शैली ओघवती' लिहायला हात शिवशिवला की स्वतःला विचारायचं, कुठे? पान कितवं? सापडलं तर ते पान वाचकापुढे ठेवा, 'ओघवती' म्हणायची गरजच उरणार नाही. सापडलं नाही तर वाक्य खोडा. 'व्यक्तिरेखा जिवंत', 'शेवटपर्यंत खिळवून ठेवते', 'अंतर्मुख करते' या सगळ्या मंडळींना हाच कायदा. 'दाहक वास्तव' दिसलं की मी आधी पंखा लावते.

काउंटरवर परत आलेलं पुस्तक मी उघडून बघत असे. नियमाप्रमाणे फाटलंय का, पानं गेलीत का एवढंच बघायचं. पण तारखेच्या चिठ्ठीजवळच्या कोऱ्या पानावर लोक पेन्सिलीने काहीबाही लिहितात. 'बोर', 'छान', 'शेवट पटला नाही', एकाखाली एक, वेगवेगळ्या अक्षरांत. एकदा एका कादंबरीत मधल्याच पानाच्या समासात कुणी लिहिलं होतं, 'या रस्त्याला एसटी जात नाही.' खोडरबर हातात होता, पण ते मी राहू दिलं. 'बोर' आणि 'छान' कुणीही लिहील. एसटीवाल्या माणसाने मात्र नेमकी जागा धरली होती आणि नेमकी हरकत घेतली होती. त्यानंतर ते पुस्तक नेणारे ते पान आले की थांबून, समास वाचून पुढे जात असणार.

राहता राहिली पद्धत. मी पहिल्या वाचनात काही लिहीत नाही. पुस्तक स्वतःचं असेल तर पेन्सिलीची बारीक टिंबं, वाचनालयाचं असेल तर कागदाचे कपटे. संपलं की दोन-चार दिवस जाऊ द्यायचे आणि मग पहिली दहा-पंधरा पानं पुन्हा वाचायची. हे फार कमी लोक करतात आणि खरी मजा तिथेच असते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' घ्या. घरात राहायला आलेल्या एका तरुणात भाऊ आणि बहीण दोघंही गुंततात. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. घर तेच, दिवस तेच. बहिणीचं संपवून भावाच्या पहिल्या पानांकडे परत या. त्याने काय पाहिलं नव्हतं, हे आता तुम्हाला दिसायला लागेल. आणि ज्याच्यामुळे हे सगळं घडतं त्या तरुणाला कादंबरीभर नाव नाही. पहिल्या वाचनात हे लक्षातही न आलेले कित्येक जण मी पाहिलेत. तुम्हाला आलं असेल तर परीक्षणाची सुरुवात तिथून करा.

मी कॉमर्सचा माणूस, सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. कादंबऱ्या खूप वाचतो. पण देशीवाद, वास्तववाद, उत्तर-आधुनिकता यांतलं काही शिकलेलो नाही. समीक्षेची भाषा येत नसताना लिहिणं आगाऊपणाचं होईल का? (नागपूर)

उलट तुमच्यासारख्यांनीच लिहावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मराठी कादंबरीतल्या पैशाचा हिशेब कुणीतरी एकदा ठेवायला हवाय. नायक आर्किटेक्ट असतो, पुण्यात चांगल्या भागात फ्लॅट असतो, मन उद्विग्न झालं म्हणून तो महिना-दोन महिने कामावर जात नाही. हप्ता कोण भरतं? बाई नवऱ्याला सोडून निघते, दुसऱ्या प्रकरणात ती वेगळ्या शहरात भाड्याच्या खोलीत असते. डिपॉझिट कुठून आलं? विचारलं तर म्हणतील, हा काय साहित्यिक प्रश्न झाला? मी म्हणते, हाच आहे. माणसाच्या खिशात किती आहेत हे लेखकाला ठाऊक नसेल तर तो माणूस त्याला पुरता ठाऊक नाही.

याच्या उलट बाजूला सदानंद देशमुखांची 'बारोमास' ठेवा. 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. एकनाथ शिकलाय, पण नोकरीसाठी भरायला पैसा नाही आणि शेतीतून तो निघत नाही. तिथे पैसा हा विषय नुसता बोलण्यात नाही, प्रत्येक नात्यात घुसलाय, नवरा-बायकोच्यासुद्धा. तुम्ही ही कादंबरी कीर्दखतावणीसारखी वाचून बघा. पैशाचा उल्लेख आला की वहीत नोंद करा: कुणाचे, कुणाला, कशासाठी, परत आले की नाही. शंभरेक पानांनंतर त्या नोंदींकडे बघा आणि ते लिहा. मराठीच्या प्राध्यापकाला ते सुचणार नाही, कारण तो 'ग्रामीण संवेदन' शोधत बसलेला असतो.

वाद मागाहून शिकता येतात. भालचंद्र नेमाड्यांचं 'टीकास्वयंवर' हे समीक्षेचं पुस्तक कधीतरी वाचा, आणि भांडत भांडत वाचा. तसंच वाचण्याजोगं आहे ते. पण आधी नाही. आधी ते वाचलेली पोरं मी बघितली आहेत, त्यांना पुढची दहा वर्षं प्रत्येक पुस्तकात नेमाडेच दिसतात.

वादांपेक्षा गरज असते ती माहितीची. जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह गिरणगावात वाढलेल्या माणसाच्या हाती पडला तर नावापासूनच त्याला काहीतरी टोचेल. गिरणी कामगारांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला, गिरण्या मोडल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. हे ठाऊक नसलेल्या विशीतल्या वाचकाला फिनिक्स हा फक्त ग्रीक गोष्टीतला पक्षी वाटणार. परीक्षण लिहिणाऱ्याने दोन ओळीत ही माहिती पुरवायची आणि बाजूला व्हायचं. दोनच ओळी हं. संपाचा इतिहास लिहायला बसलात की पुस्तक राहून जातं.

आणि व्यवसायाचं म्हणाल तर नंदा खरे स्थापत्य अभियंता होते, तुमच्याच नागपुरात राहायचे. त्यांची 'उद्या' ही कादंबरी वाचा. यंत्रणा कशा चालतात, माहिती कोण गोळा करतं आणि तिचं काय होतं, हे त्यात ज्या तपशिलाने येतं ते नुसत्या साहित्यवाचनातून आलेलं नाही.

आमच्या गावातलं वाचनालय 'क' वर्गाचं. नवीन पुस्तकं वर्षातून एकदा येतात, त्यातली निम्मी स्पर्धा परीक्षांची. मी शाळेत शिकवते, पगारातून महिन्याला एखादं पुस्तक घेऊ शकते. ते नेमकं कुठलं घ्यायचं हे कसं ठरवू? पुरस्कारांवर विसंबू का? (म्हसवड)

आधी वाचनालयाचं. 1967 च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि अनुदान त्या हिशेबाने. 'क' वर्गाची ओढाताण मी आतून बघितली आहे. पण खरेदीची यादी करताना ग्रंथपालासमोर असतं काय, ते सांगते. विक्रेत्याने दिलेली यादी, त्यावर किती टक्के सूट ते, आणि कार्यकारिणीतल्या एखाद्याने सुचवलेली चार नावं. सभासदांनी लेखी मागणी केलेली पुस्तकं जवळजवळ नसतातच, कारण कुणी मागतच नाही. तुम्ही कागदावर मागा. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, खाली सही, शक्य असेल तर आणखी दोन शिक्षकांची. काउंटरवरच्या बाईला तोंडी सांगू नका, ती विसरते. (मीही विसरत असे, शनिवारची गर्दी तुम्ही पाहिलेली नाही.)

पुरस्कारांबद्दल. साहित्य अकादमीची यादी चांगलीच आहे. 2020 ते 2023 अशी सलग चार वर्षं मराठीत तो कथा-कादंबरीला मिळाला: नंदा खरे यांची 'उद्या', किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी' हा कथासंग्रह, प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' आणि कृष्णात खोतांची 'रिंगाण'. वर्षभराचं वाचन इथेच झालं म्हणा. यातला 'उद्या'चा पुरस्कार खऱ्यांनी नम्रपणे नाकारला. पुरस्कार घ्यायचेच नाहीत असं त्यांनी आधीपासून ठरवलं होतं. त्यामुळे पुस्तक वाढलं नाही आणि कमीही झालं नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. अकादमी ज्या वर्षाचा पुरस्कार देते त्याच्या लगतचं वर्ष सोडून आधीच्या पाच वर्षांतली पुस्तकं विचारात घेते. 2023 च्या पुरस्काराला 2017 ते 2021 मधली पुस्तकं. म्हणजे पुरस्कार बघून वाचणारा कायम दोन ते सहा वर्षं मागे असतो. वाचणारी म्हणून त्यात काही बिघडत नाही. समकालीन साहित्यावर लिहिणारी म्हणून बिघडतं, कारण तोवर त्या पुस्तकावर बोलायचं ते लोक बोलून बसलेले असतात. त्यापेक्षा अकादमीच्याच युवा पुरस्काराकडे बघा. तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांना मिळतो, बहुतेकदा पहिल्या-दुसऱ्या पुस्तकाला. नवनाथ गोरेंची 'फेसाटी' 2018 ला आणि प्रणव सखदेवांची 'काळेकरडे स्ट्रोक्स' 2021 ला त्याच वाटेने माझ्यापर्यंत आली.

त्याहून आधी गाठायचं असेल तर दिवाळी अंक. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने ही प्रथा सुरू केली आणि मराठी कथेचा मुख्य रस्ता अजून तोच आहे. चांगल्या कथासंग्रहाच्या सुरुवातीला पूर्वप्रसिद्धीची यादी असते, ती वाचायची सवय लावा. कुठल्या अंकाचे संपादक कुठले लेखक आधी हेरतात ते चार-पाच संग्रहांत कळून येतं, आणि मग त्या अंकांवर डोळा ठेवायचा. दिवाळी अंक वाचनालयात हमखास येतात, 'क' वर्गातही, आणि मार्चनंतर त्यांना कुणी विचारत नाही. ते घरी न्या. अनोळखी नावाची कथा आवडली तर नाव टिपून ठेवा. तीन वर्षांनी त्या माणसाचा संग्रह येईल तेव्हा तो घ्यायचा की नाही हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही. 'ललित' मासिक शाळेच्या ग्रंथालयात चालू करता आलं तर बघा. 1964 पासून पुस्तकांचीच वार्ता देतंय ते.

कादंबरी आवडली नाही तर किती पानांपर्यंत वाचावी? अर्धवट वाचून परीक्षण लिहिलं तर चालेल? (चंद्रपूर)

वाचायची तेवढीच जेवढी वाचवते. लिहायचं असेल तर शेवटचं पान उलटल्याशिवाय नाही. मध्ये सोडलेल्या पुस्तकाबद्दल चहावर बोलावं, छापू नये.

आम्ही इंदूरचे. घरात मराठी बोलतो, तीही आमच्या पद्धतीची. 'फेसाटी' मागवली आणि पहिल्या वीस पानांत तीनदा अडलो. कोल्हापूरकडची, वऱ्हाडातली, कोकणातली पुस्तकं वाचताना हेच होतं. जी बोली मला धड कळत नाही तिच्यातल्या पुस्तकावर मी लिहावं का? (इंदूर)

इंदुरी मराठीवर इकडच्यांनी हसून घेतलंय, त्यामुळे तुम्हाला हा संकोच वाटत असावा. लिहा, जरूर लिहा.

पहिली गोष्ट, मोठ्याने वाचा. 'फेसाटी' जत तालुक्यातली आहे, कर्नाटकच्या सीमेला लागून, सांगली जिल्ह्याचा दुष्काळी भाग. त्या बाजूची वाक्यं डोळ्यांनी वाचली तर अडखळायला होतं, तोंडाने म्हटली की ती कुठे मोडतात ते कळतं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, तरी मला काही ठिकाणी मोठ्यानेच वाचावं लागलं. दुसरी गोष्ट, अडलेला प्रत्येक शब्द कोशात शोधू नका. एखादा शब्द पुढच्या तीन पानांत पुन्हा येतो आणि आपोआप उलगडतो. जो येत नाही तो बहुधा नसला तरी चालतो. वऱ्हाडीचं किंवा मालवणीचंही याहून वेगळं नाही.

आता लिहिण्याबद्दल. 'ग्रामीण बोलीचा गोडवा' हे शब्द तुमच्या वहीत असतील तर आत्ता काढून टाका. बोली गोड नसते. ती बोलणाऱ्याला ती फक्त भाषा असते, आणि त्याच भाषेत तो सावकाराशी बोलतो, मेलेल्या जनावराबद्दल बोलतो आणि बायकोवर ओरडतोही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बोली कुणाच्या तोंडी आहे? बऱ्याच जुन्या कादंबऱ्यांत पात्रं बोलीत बोलतात आणि लेखक अवतरणचिन्हाबाहेर आला की पुस्तकी मराठीत वर्णन करतो. म्हणजे गाव बोलतंय आणि दुसराच कुणीतरी शिकलेला माणूस ते आपल्याला समजावून सांगतोय. 'फेसाटी'त निवेदनच बोलीत आहे, समजावणारा कुणी मध्ये उभा नाही. त्यामुळे तुमच्यासारख्या बाहेरच्या वाचकाला सुरुवातीला कष्ट पडतात, आणि त्या बदल्यात काय मिळतं ते तुम्हीच नेमकं सांगू शकाल. जतच्या वाचकाला ते कष्ट जाणवणारच नाहीत. तीनदा अडलात ना? त्या तीन जागा परीक्षणात लिहा. कुठे अडलात, मग काय झालं, विसाव्या पानानंतर अडणं थांबलं का, की तुम्ही अडण्याकडे लक्ष देणं सोडलंत.

खोतांची 'रिंगाण' याच्या पुढची परीक्षा बघते. धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत जातो. आता माणूस आणि जनावर यांच्यात जे चालतं ते कुठल्या भाषेत मांडणार? तिथे बोलीतल्या जनावरांच्या, रानाच्या, पावसाच्या शब्दांवाचून लेखकाचं चालतच नाही. आमच्या वाचनालयात एक गवळी सभासद होते. कादंबऱ्यांत म्हशीबद्दल जे छापून येतं त्यातलं बरंचसं लिहिणाऱ्याने म्हैस लांबून बघून लिहिलेलं असतं, असं त्यांचं मत. त्यांना 'रिंगाण' द्यायची राहूनच गेली, तोवर मी निवृत्त झाले होते. पण त्यावरचं परीक्षण त्यांच्याकडून वाचायला मला कुठल्याही डॉक्टरेटवाल्यापेक्षा जास्त आवडलं असतं.

आमच्या भागातले एक लेखक 'सप्रेम भेट' लिहून कादंबरी देऊन गेले. दर आठवड्याला फोन येतो, "वाचलं का? काही लिहिताय ना?" पुस्तक बरं नाही. लग्नकार्यात, साहित्य संमेलनात भेट होणारच. काय करू? (कणकवली)

हे दुखणं सगळीकडचं आहे, तुमच्या भागाला उगाच दोष नको. मराठीत लिहिणारे आणि त्यांच्यावर लिहिणारे एकाच मांडवात जेवतात.

मी स्वतःसाठी केलेला नियम सांगते, पटला तर घ्या. ज्याच्या घरी आपण जेवलोय त्याच्या पुस्तकावर छापील लिहायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. हे त्या माणसाला पहिल्याच फोनवर सांगून टाकायचं: "दादा, ओळखीच्यांच्या पुस्तकावर मी लिहीत नाही, कुणाच्याच नाही." यातला 'कुणाच्याच' हा भाग खरा असला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या ओळखीच्या माणसावर लिहिलंत की पकडले जाल. वाचून मात्र काढा आणि पत्र लिहा. खाजगी पत्रात पान नंबर देऊन दोन जमलेल्या जागा आणि एक न जमलेली जागा सांगा. भेटप्रत देणाऱ्या बहुतेकांना हवं असतं ते एवढंच, की कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं. ते तुमच्या पत्रातून दिसलं की फोन थांबतात. थांबले नाहीत तर माणूस जाहिरात मागत होता, आणि मग संकोचाचं काही कारणच राहत नाही.

अनोळखी लेखकाचं पुस्तक न आवडल्यास काय, हेही तुमच्या पत्रात पुढे आहे. तिथे कचरू नका, फक्त अंगावर जाऊ नका. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती हजारभर प्रतींची, कधी त्याहूनही कमी. त्या खपायला वर्षं जातात. अशा पुस्तकाला झोडपून काढण्यात मर्दुमकी नाही, त्याबद्दल गप्प बसलं तरी ते पडायचं तिथे पडतं. हात राखून ठेवा तो गाजलेल्यांसाठी. ज्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघताहेत, ज्याच्यावर फक्त फुलंच पडताहेत, ते पुस्तक तुम्हाला फसलेलं वाटलं तर कारणांसकट लिहा. तिथे तुमच्या लिहिण्याने लेखकाचं जेवण बंद होत नाही आणि वाचकाला दुसरी बाजू मिळते.

पुस्तकातला किती मजकूर उद्धृत केला तर चालतो? प्रकाशकाची परवानगी लागते का? आणि शेवट सांगावा की सांगू नये? (ठाणे)

1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये समीक्षा किंवा परीक्षणासाठी रास्त प्रमाणात मजकूर घ्यायला मुभा आहे, त्याला परवानगी लागत नाही. अमुक शब्द म्हणजे रास्त, असा आकडा त्यात नाही. दोन-चार ओळी घ्या, लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव द्या, आणि त्या ओळींबद्दल काहीतरी बोला. नुसत्या सुंदर ओळी काढून मांडल्या तर ते परीक्षण होत नाही, रुखवत होतं. कथासंग्रहातली अख्खी छोटी कथा उतरवून काढू नका.

शेवटाबद्दल: रहस्यकथेचा सांगू नका. बाकीच्यांचा, बोलण्यासाठी गरजच असेल तर सांगा, पण आधी एका वाक्यात इशारा द्या.

माझं वय 74. मोतीबिंदूची दोन ऑपरेशनं झाली, बारीक टाइप आता झेपत नाही. नातवाने मोबाइलवर ऑडिओबुकं लावून दिली आहेत, गेल्या वर्षभरात नवे लेखक मी असेच ऐकले. आमच्या भिशीतल्या बायका म्हणतात, ऐकलं म्हणजे वाचलं नव्हे. मग मी त्यावर लिहू शकते का? (नाशिक)

आजी, तुमच्या भिशीतल्या बायकांनी ज्ञानेश्वरी पहिल्यांदा वाचली होती की ऐकली होती, ते विचारा.

लिहू शकता. फक्त ऐकणाऱ्याच्या दोन अडचणी असतात. एक म्हणजे वाचून दाखवणारा मध्ये असतो. त्याने एखाद्या बाईचं बोलणं रडवेल्या आवाजात म्हटलं तर ती बाई तुम्हाला रडवी वाटते, छापील पानावर ती चिडलेली असू शकते. शंका आली तर तेवढा भाग नातवाला पुस्तकातून सपाट आवाजात वाचायला सांगा. पोरं सपाटच वाचतात, इथे ते कामाला येतं. दुसरी अडचण, मागचं पान उलटून बघता येत नाही. त्यासाठी जवळ मोठ्या अक्षराची वही ठेवा. काही खटकलं, आवडलं की आवाज थांबवून प्रकरण आणि मिनिट टिपायचं: 'प्रकरण 6, मिनिट 14, सासूचं बोलणं.' पुढे लिहिताना तेवढंच पुन्हा लावून ऐकता येईल. परीक्षणाच्या सुरुवातीला, पुस्तकाच्या नावाखाली, तुम्ही ते ऐकलंय आणि आवाज कुणाचा आहे, हे एका ओळीत लिहा.

आणि लिहायलाही डोळ्यांना त्रास होत असेल तर बोलून रेकॉर्ड करा आणि पाठवा. आमच्याकडे टंकून घेतील. फार लांबवू नका, सात-आठ मिनिटं पुरेत, आणि मागे टीव्ही चालू नसेल असं बघा.